गुरुदेव समंतभद्र महाराज आणि बाहुबलीचे विशाल जिनबिंब

जिनमंदिर म्हटले की शिखर, सभामंडप, गाभारा आणि वेदी असे रूप आपल्या डोळ्यांसमोर येते. कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात, कुंभोजनजीकच्या श्रीक्षेत्र बाहुबली येथे मात्र 1963 साली छत आणि भिंती यांवाचून एक भव्य पूजास्थान साकारले. मोकळ्या आकाशाखाली तेथे भगवान बाहुबलींची 28 फूट उंचीची शुभ्र संगमरवरी मूर्ती उभी आहे. या क्षेत्राला आजचे स्वरूप ज्यांच्या साधनेमुळे लाभले, त्या परमपूज्य गुरुदेव समंतभद्र महाराजांचे पुण्यस्मरण या सुवर्णमहोत्सवी वर्षात करणे उचित ठरेल.

महाराजांचा जन्म 1891 साली सोलापूर जिल्ह्यातील करमाळा येथे झाला. देवचंद कस्तुरचंद शहा हे त्यांचे गृहस्थाश्रमातील नाव. तरुणपणी जयपूरच्या अर्जुनलाल सेठी यांच्या विद्यालयाशी त्यांचा संबंध आला. राष्ट्रभक्ती आणि धर्मशिक्षण यांची सांगड घालणारे संस्कार त्यांच्यावर तेथे झाले. पदवीधर होऊनही नोकरी वा व्यापार न पत्करता त्यांनी आजन्म ब्रह्मचर्य आणि समाजातील मुलांचे शिक्षण हेच जीवितकार्य मानले. 1918 साली विदर्भातील कारंजा येथे त्यांनी श्री महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना केली. लौकिक विद्येबरोबर सदाचार, स्वावलंबन आणि शास्त्राभ्यास देणारी ही गुरुकुल पद्धती पुढे अनेक ठिकाणी रुजली. आपल्या मराठवाड्यातील वेरूळचे गुरुकुलही त्याच परंपरेतील होय.

1934 साली बाहुबलीच्या डोंगराच्या पायथ्याशी आश्रम सुरू झाला. डोंगरावर जुनी मंदिरे होती. पायथ्याशी मुलांचे अध्ययन आणि व्रतस्थ कार्यकर्त्यांची सेवा यांचा नित्यक्रम सुरू झाला. 1952 साली गुरुदेवांनी मुनिदीक्षा घेतली. या क्षेत्री भगवान बाहुबलींची विशाल मूर्ती उभारण्यामागे चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांची प्रेरणा होती. याच आचार्यश्रींनी 18 सप्टेंबर 1955 रोजी, आपल्या बीड जिल्ह्याच्या सीमेलगतच्या कुंथलगिरी सिद्धक्षेत्री सल्लेखनापूर्वक देहत्याग केला. त्यानंतर आठ वर्षांनी बाहुबलीची मूर्ती उभी राहिली.

या रचनेचा विशेष समजून घेण्यासारखा आहे. श्रवणबेळगोळ येथील दहाव्या शतकातील गोमटेश्वर जागच्या जागी, डोंगराच्याच ग्रॅनाइटमधून कोरलेला आहे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या मुलखात मात्र संगमरवर बाहेरून आणावा लागला. त्यामुळे हिरव्या डोंगराच्या पार्श्वभूमीवर शुभ्र मूर्ती दुरूनच नजरेत भरते. भगवान बाहुबली वर्षभर उघड्यावर कायोत्सर्गात उभे राहिले आणि वेली त्यांच्या अंगावर चढल्या, ही कथा आपण सर्व जाणतो. ज्यांनी राज्य आणि प्रासाद दोन्ही सोडले, त्यांच्याभोवती पुन्हा भिंती उभारल्या नाहीत, यातच या स्थानाचे औचित्य आहे. ऊन, पाऊस, वारा यांत निश्चल असलेली ती आकृती पाहताना त्यागाचा अर्थ लहान मुलालाही उमगतो.

तेथील कार्याचा क्रमही ध्यानात घ्यावा. पायथ्याशी प्रथम विद्यार्थी आले आणि विशाल मूर्ती त्यानंतर 29 वर्षांनी आली. शिक्षणाची पायाभरणी आधी झाल्यामुळे दर्शनाला येणाऱ्यांबरोबरच तेथे राहून शिकणारी पिढीही त्या क्षेत्राला लाभली. 1988 साली गुरुदेवांचे समाधिमरण झाले. त्यांनी लावलेल्या गुरुकुलांच्या वृक्षाची फळे समाज आजही चाखत आहे.

पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या कोणत्याही विश्वस्त संस्थेपुढे नव्या वास्तूचा विचार येतोच. सभागृह व्हावे, शिखर उंचावे, संगमरवर बसावा, ही भावना स्तुत्य आहे. तथापि, त्या वास्तूत सामायिक आणि स्वाध्याय करणारी मुले कोठून येणार, हा प्रश्न पायाभरणीपूर्वी विचारला जावा. पाठशाळेचा दिवा तेवत राहिला, तरच मंदिराचे पावित्र्य पुढील पिढीपर्यंत पोहोचेल. गुरुदेवांच्या चरणी हीच आपली खरी भावांजली ठरो.