ऐन स्पर्धेत वगळलेले पी. बाळू थेट उपकर्णधार होऊन परत आले!

साल १९२०. हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन संघांची चौरंगी स्पर्धा सुरू होती. हिंदूंचे कर्णधार एम. डी. पै आजारी पडले आणि मुस्लिम संघाविरुद्धच्या सामन्यासाठी संघ बदलावा लागला. कर्णधारपद दि. ब. देवधरांना मिळालं. डावखुरे फिरकी गोलंदाज पी. बाळू यांना वगळण्यात आलं.

हे बाळू कोण?

चांभार समाजातले पालवणकर बाळू पुण्यात आधी महिना ३ रुपयांवर पारशांच्या क्लबात खेळपट्टी सांभाळायचे. पुढे ४ रुपयांवर गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात लागले. तिथं कॅप्टन ग्रेग यांना नेटमध्ये चेंडू टाकून त्यांची फिरकी तयार झाली. याच जिमखान्याला हरवायचं म्हणून पुण्यातल्या हिंदू क्लबनं त्यांना संघात घेतलं. पण चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी कर्णधारपद दूरच राहिलं.

१९२० मध्ये बाळू चाळिशी ओलांडलेले होते. पण त्यांचे भाऊ विठ्ठल यांचाही कर्णधारपदासाठी विचार झाला नाही. कारण जात आहे, असं जाहीर पत्रातून सांगत विठ्ठल आणि शिवराम या दोन्ही भावांनी माघार घेतली.

पुढच्या, पारशांविरुद्धच्या सामन्याला पै बरे होऊन आले. दोघे भाऊ परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा संघाची सूत्रं बाळूंकडे आली.

१९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. बाळूंचं निधन १९५५ मध्ये झालं. त्यांना कधीच न मिळालेलं पद धाकट्या भावाला मिळालेलं मात्र त्यांनी पाहिलं.