विश्लेषण : डबक्यातल्या गोगलगायीचीही नोंद ठेवणारे दॉर्बिन्यी कोण होते?

ब्राझीलमधील शिस्टोसोमियासिस रोगाचा बंदोबस्त असो, आशियातल्या भातशेतीत घुसलेल्या परदेशी गोगलगायीची ओळख पटवणे असो, की पाराना नदीवरील धरणामुळे काय बुडाले याचा हिशेब असो. संशोधकांना सर्वांत आधी एकाच प्रश्नाचे उत्तर लागते. ही गोगलगाय नेमकी कोणती? दक्षिण अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या गोगलगायींबाबत हे उत्तर शोधताना आल्सिद दॉर्बिन्यी या फ्रेंच निसर्गअभ्यासकाचे नाव वारंवार समोर येते. त्यांनी हे शंख जमवले त्याला आता जवळपास 200 वर्षे होत आली.

सुरुवात कुठून झाली?

दॉर्बिन्यी यांचा जन्म 6 सप्टेंबर 1802 रोजी फ्रान्समधील नांत शहराजवळच्या कुएरों येथे झाला. वडील डॉक्टर आणि हौशी निसर्गअभ्यासक होते. पुढे कुटुंब ला रोशेल परिसरात अटलांटिक किनाऱ्यावर राहायला गेले. तिथल्या वाळूत डोळ्यांना जेमतेम दिसणारी कवचे असत. मुलाने सूक्ष्मदर्शकाखाली ती वेगळी करायला सुरुवात केली. 1826 मध्ये, वयाच्या 23व्या वर्षी, त्यांनी या जीवांची शास्त्रीय मांडणी प्रसिद्ध केली आणि त्यांना फोरामिनिफेरा हे नाव दिले. नाव टिकले, मात्र हे जीव माकूळ-अष्टपाद यांच्या गटातले आहेत हा त्यांचा समज चुकीचा ठरला. ते एकपेशीय असल्याचे 1835 मध्ये फेलिक्स द्युजार्दां यांनी दाखवून दिले. याच सूक्ष्म कवचांचा उपयोग पुढे खनिज तेलाच्या शोधात झाला.

दक्षिण अमेरिकेची मोहीम कशी मिळाली?

पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाला दक्षिण अमेरिकेतून प्राणी, वनस्पती आणि जीवाश्म हवे होते. निवड झाली ती या तरुणाची. संग्रहालयाकडून मिळणारा पैसा अपुरा होता, तेव्हा रिव्होलीच्या ड्यूकने स्वतःच्या खिशातून मदत केली. जुलै 1826 मध्ये ब्रेस्ट बंदरातून जहाज निघाले.

पुढची जवळपास आठ वर्षे सोपी नव्हती. त्या वेळी ब्राझील आणि आजच्या अर्जेंटिनाचे युद्ध सुरू होते. मोंतेव्हिदेओ इथे त्यांच्यावर संशय घेतला गेला आणि काही काळ अटकेतही राहावे लागले. तिथून ते पाराना नदीने वर कोरिएंतेस प्रांतात गेले आणि सुमारे वर्षभर राहिले. 1829 मध्ये पॅटागोनियात रिओ नेग्रोच्या काठी मुक्काम केला. मग केप हॉर्नला वळसा घालून चिली गाठले आणि 1830 पासून बोलिव्हिया पिंजून काढला. 1834 मध्ये ते पॅरिसला परतले, तेव्हा त्यांच्या संग्रहात हजारो नमुने होते.

चार्ल्स डार्विन नेमके याच काळात बीगल जहाजावरून दक्षिण अमेरिकेत पोहोचले होते. दॉर्बिन्यी आपल्याआधी रिओ नेग्रोला जाऊन आले हे कळल्यावर, तिथले उत्तम ते सारे या फ्रेंच माणसाने आधीच उचलले असेल, अशी धास्ती त्यांनी 1832 मध्ये आपले गुरू हेन्स्लो यांना पत्रातून कळवली होती. पुढे मात्र डार्विन यांनी आणलेले जीवाश्म शंख तपासून द्यायला दॉर्बिन्यी यांनीच मदत केली.

गोगलगायींत त्यांना काय सापडले?

प्रवासी संग्राहकांचे लक्ष बहुधा रंगीत पक्षी आणि मोठ्या प्राण्यांवर असे. दॉर्बिन्यी यांनी डबकी, दलदली आणि नदीतल्या दगडांवरचे बारीक शंखही गोळा केले आणि ते कुठे सापडले हे लिहून ठेवले. 1835 मध्ये त्यांनी जमिनीवरच्या आणि गोड्या पाण्यातल्या मृदुकाय प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. सविस्तर वर्णने आणि चित्रे त्यांच्या दक्षिण अमेरिका प्रवासावरील ग्रंथात आली. हा ग्रंथ 1835 ते 1847 या काळात नऊ खंडांत प्रसिद्ध झाला.

त्यांनी नावे दिलेल्या प्रजातींवरून तिथल्या पाण्यातली विविधता लक्षात येते. पोमासिया स्कालारिस ही मोठी, पायऱ्यांसारखे वेटोळे असलेली गोगलगाय. या पोमासिया वंशातल्या गोगलगायींना कल्ला आणि फुप्फुस दोन्ही असतात. म्हणून पाण्यात प्राणवायू कमी झाला तरी त्या तगतात. दुष्काळात कवचाचे झाकण लावून चिखलात पडून राहतात. अनेक प्रजाती पाण्याबाहेर देठांवर अंड्यांचे घोस घालतात. आपल्या भातखाचरांत दिसणारी पिला ही गोगलगाय याच कुळातली. दक्षिण अमेरिकेत गोगलगायखाऊ घारीचे पोट प्रामुख्याने पोमासियावर भरते. तिची बारीक, आकड्यासारखी चोच शंखातून मांस काढण्यासाठीच घडलेली आहे.

दुसऱ्या टोकाला पोटॅमोलिथस लॅपिडम ही काही मिलिमीटरची गोगलगाय आहे. ती वाहत्या पाण्यातल्या दगडांना चिकटून राहते. पोटॅमोलिथस वंश दक्षिण अमेरिकेबाहेर आढळत नाही. चिलिना वंशही तसाच. त्याच्या अनेक प्रजाती दक्षिणेकडच्या थंड, स्वच्छ प्रवाहांत राहतात. हेलेओबिया पार्चापी ही पंपासच्या तळ्यांतली, थोडे खारे पाणीही सहन करणारी. कोरिएंतेसच्या दिवसांतले सोबती, फ्रेंच अभियंता नार्सिस पार्शाप यांच्यावरून दॉर्बिन्यी यांनी तिला नाव दिले.

एका चपट्या गोगलगायीला इतके महत्त्व का?

1835च्या यादीत तबकडीसारखी चपटी, तपकिरी अशी एक गोगलगाय होती. आज तिचे नाव बायोम्फॅलेरिया टेनॅगोफिला. ती उभयलिंगी आहे आणि गरज पडल्यास स्वफलनानेही अंडी देते. म्हणजे एकटी गोगलगायही नवे तळे भरून टाकू शकते.

शिस्टोसोमा मॅन्सोनी हा कृमी माणसाच्या आतडे-यकृताभोवतीच्या रक्तवाहिन्यांत राहतो. त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात जातात, त्यातून निघालेल्या अळ्या गोगलगायीत शिरतात, तिथे त्यांची संख्या वाढते. मग बाहेर पडलेल्या अळ्या पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून आत शिरतात. योग्य गोगलगाय नसेल तर हे चक्र तुटते. हा परजीवी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर अमेरिकेत आला, असे मानले जाते. बायोम्फॅलेरिया वंशाचे मूळ मात्र दक्षिण अमेरिकेत असावे आणि तिथूनच तो प्राचीन काळी आफ्रिकेत पोहोचला असावा, असे जनुकीय अभ्यासांतून दिसते. त्यामुळे परजीवीला अमेरिकेत ओळखीचे घरच मिळाले.

दॉर्बिन्यी यांच्या हयातीत गोगलगायीची ही भूमिका कुणालाच ठाऊक नव्हती. पिराजा दा सिल्वा यांनी ब्राझीलच्या बाहिया प्रांतात या कृमीचा अभ्यास 1908 मध्ये प्रसिद्ध केला. गोगलगायींचा सहभाग 1913-15 या काळात जपान आणि इजिप्तमधील संशोधनातून सिद्ध झाला. आज ब्राझीलमध्ये हा रोग नैसर्गिकरीत्या पसरवणाऱ्या तीन प्रजाती ओळखल्या जातात, त्यांतली एक म्हणजे टेनॅगोफिला.

ओळख चुकली तर काय होते, हेही इथेच दिसते. लोबातो पराएन्से यांनी 1981 मध्ये बायोम्फॅलेरिया ऑक्सिडेंटालिस या प्रजातीचे वर्णन केले. तिचे कवच टेनॅगोफिलासारखेच, पण ती या परजीवीला थारा देत नाही. फरक कळतो तो आतील प्रजनन अवयव तपासल्यावर. तपासणी न करता फवारणी केली, तर पैसा निरुपद्रवी तळ्यावर खर्च होण्याची भीती असते.

दॉर्बिन्यी यांची सगळी नावे टिकली का?

नाही. पोमासिया इन्सुलारम हे त्यांनी दिलेले नाव अनेक वर्षे अमेरिकेतल्या उपद्रवी गोगलगायीसाठी वापरले गेले. 2012 मध्ये ही प्रजाती म्हणजे पेरी यांनी 1810 मध्येच नाव दिलेली पोमासिया मॅक्युलाटा असल्याचे स्पष्ट झाले. तिची जवळची नातलग पोमासिया कॅनालिक्युलाटा 1980च्या सुमारास खाण्यासाठी तैवानला नेली गेली आणि तिथून पुढे आशियातल्या भातशेतीची डोकेदुखी बनली. अशी गुंतागुंत सोडवता येते, कारण मूळ नमुने शिल्लक आहेत. दॉर्बिन्यी यांचा दक्षिण अमेरिकी शंखसंग्रह 1854 मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे गेला.

अखेरची वर्षे कशी गेली?

परतल्यावर ते जीवाश्मांकडे वळले. 1840 पासून फ्रान्समधील जीवाश्मांची मोठी ग्रंथमालिका सुरू केली आणि खडकांच्या थरांचे कालखंड जीवाश्मांवरून ठरवण्याची पद्धत पक्की केली. त्यांनी सुचवलेल्या कालखंडांपैकी अनेक नावे भूशास्त्रात आजही आहेत. मात्र प्रत्येक कालखंडाअखेर जीवसृष्टी नष्ट होऊन नवी निर्माण झाली, हे त्यांचे मत पुढे मागे पडले. विज्ञान अकादमीने त्यांना कधीच सदस्य केले नाही. 1853 मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात त्यांच्यासाठी जीवाश्मशास्त्राचे स्वतंत्र पद निर्माण झाले. चारच वर्षांनी, 30 जून 1857 रोजी, वयाच्या 54व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज त्यांच्या नोंदींचा उपयोग काय?

कोरिएंतेसजवळ पाराना नदीवर यासिरेता धरण उभे राहिले आणि 1990च्या दशकात जलाशय भरू लागला. खळाळत्या प्रवाहातच जगणाऱ्या आयलॅकोस्टोमा वंशातील काही गोगलगायींचे अधिवास बुडाले. या प्रजातींना नाव मिळाले होते 1950च्या दशकात, म्हणून निदान काय गेले हे कळले आणि उरलेल्या काही गोगलगायी प्रयोगशाळेत वाढवता आल्या. दुसरीकडे, 1991 मध्ये आशियातून ला प्लाताच्या मुखाशी पोहोचलेला सोनेरी शिंपला तिथल्या स्थानिक गोगलगायींच्या कवचांवर वसाहती करू लागला.

नदी बदलली हे सांगायला ती आधी कशी होती हे माहीत असावे लागते. या खोऱ्यातील गोगलगायींपुरती ती आधीची नोंद बऱ्याच अंशी दॉर्बिन्यी यांच्या 1835च्या यादीपासून सुरू होते. ज्या प्रवाहातल्या शंखांना कुणी नावच दिलेले नाही, तिथे धरणाने काय बुडवले याचा हिशेब मांडता येत नाही.