तिशीनंतर बहरलेला बर्फावरचा बादशहा

वेगाचे खेळ हे तरुणांचेच, असा सर्वसाधारण समज आहे. तिशी उलटली की खेळाडूच्या निवृत्तीची चर्चा सुरू होते. फिनलंडचा स्पीड स्केटिंगपटू क्लास थुनबर्ग याची कारकीर्द मात्र या समजाला पूर्ण छेद देणारी ठरली.

५ एप्रिल १८९३ रोजी हेलसिंकी येथे थुनबर्गचा जन्म झाला. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्याचा भाग होता. गवंडीकाम करून पोट भरणारा हा तरुण स्केटिंगकडे गांभीर्याने वळला, तोपर्यंत त्याच्या वयाचे अनेक खेळाडू उताराला लागले होते. १९२२ मध्ये त्याने युरोपीय, तर १९२३ मध्ये जागतिक विजेतेपद मिळविले.

१९२४ मध्ये फ्रान्समधील शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक भरले. तिशीत असलेल्या थुनबर्गने १५०० मीटर, ५००० मीटर आणि सर्वंकष कामगिरी अशी तीन सुवर्णपदके पटकावली. दहा हजार मीटरमध्ये रौप्य आणि ५०० मीटरमध्ये विभागून कांस्य, अशी आणखी दोन पदकेही त्याच्या नावावर जमा झाली. चार वर्षांनी सेंट मॉरित्झ येथे वयाच्या ३४ व्या वर्षी त्याने १५०० मीटरचे सुवर्ण राखले आणि ५०० मीटरचे सुवर्ण नॉर्वेच्या बर्न्ट एव्हेन्सेनसह विभागून घेतले.

वय वाढले की प्रथम कमी होतो तो स्फोटक वेग, दमसास त्यामानाने अधिक काळ टिकतो. थुनबर्गने मात्र १९३१ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, ५०० मीटर या सर्वांत छोट्या अंतरात ४२.६ सेकंदांचा विश्वविक्रम नोंदविला. त्याच मोसमात हेलसिंकीच्या घरच्या प्रेक्षकांसमोर तो पाचव्यांदा जगज्जेता झाला.

१९३२ मध्ये त्याने पुन्हा युरोपीय विजेतेपद जिंकले. साहजिकच लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्येही त्याच्याकडून पदकाची अपेक्षा होती. युरोपात दोन-दोन स्केटर स्वतंत्र मार्गिकांतून घड्याळाशी शर्यत करीत. अमेरिकेत मात्र सर्वांना एकत्र सोडण्याची पद्धत अवलंबिली जाणार होती. हा प्रकार त्याला मान्य नव्हता. पदकाची संधी समोर असूनही त्याने तेथे जाणे नाकारले आणि त्याची ऑलिंपिक कारकीर्द पाच सुवर्णांवर थांबली. काळाचा महिमा असा, की एकत्र सुरुवातीची शर्यत २०१८ मध्ये ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र प्रकार म्हणून परतली.

पुढे १९४५ ते १९४८ या काळात थुनबर्ग फिनलंडच्या संसदेचा सदस्यही होता. २८ एप्रिल १९७३ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी त्याचे निधन झाले.

आज प्रौढांच्या आंतरराष्ट्रीय स्पीड स्केटिंग स्पर्धांमध्ये वयोगट सुरू होतात ते तिसाव्या वर्षापासून. ही मोजपट्टी लावली, तर थुनबर्गची सर्व ऑलिंपिक पदके एका 'प्रौढ' खेळाडूची ठरतात. त्याने मात्र ती वयाची कोणतीही सवलत न घेता, आपल्यापेक्षा लहान प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकून जिंकली. खेळाडूच्या वयाकडे पाहून त्याचा निकाल आधीच लावणाऱ्यांनी हे विसरता कामा नये.