टॉयलेटचा जनक म्हणून ज्याचा फोटो फिरतो, त्या थॉमस क्रॅपरचा खरा धंदा घरातला गटाराचा वास रोखण्याचा होता

मे महिन्यात गावाला जाऊन आलात, दाराचं कुलूप काढलं आणि बाथरूममधून गटाराचा भपकारा आला, असं कधीतरी झालंच असेल. आपण फिनाईल ओततो, उदबत्ती लावतो, पाल मेलीय का म्हणून कपाटामागे वाकून बघतो. वास तिथेच.

दीडशे वर्षांपूर्वी लंडनमधले श्रीमंत लोक या वासाला अक्षरशः घाबरायचे. आणि ती भीती घालवून एका प्लंबरने नाव कमावलं. त्याचं नाव थॉमस क्रॅपर.

हो, तोच. फ्लश टॉयलेटचा शोध लावला म्हणून ज्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो तो. तर आधी तेवढं मिटवून टाकू. फ्लशची कल्पना सर जॉन हॅरिंग्टनने १५९६ सालीच मांडली होती, म्हणजे क्रॅपरच्या जन्माच्या २४० वर्षं आधी. त्याच्या आडनावावरून इंग्रजीतला तो शब्द आला, हीसुद्धा थापच. शब्द त्याच्यापेक्षा जुना आहे.

थॉमसचा जन्म १८३६ सालचा, यॉर्कशायरमधल्या थॉर्न गावचा. थोरला भाऊ जॉर्ज लंडनच्या चेल्सी भागात प्लंबर होता. १८५३ मध्ये थॉमस त्याच्या हाताखाली उमेदवारीला लागला. पाच वर्षांनी, १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदी इतकी नासली की पार्लमेंटचे पडदे ब्लीचिंग पावडरच्या (क्लोराईड ऑफ लाईम) द्रावणात भिजवून टांगावे लागले. मग जोसेफ बॅझलजेट नावाच्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली शहराखाली मोठाल्या गटारांचं जाळं बांधलं गेलं. १८६१ मध्ये थॉमसने स्वतःचा धंदा सुरू केला तेव्हा ते काम जोरात सुरू होतं. प्लंबरसाठी यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला?

पण यात एक गोम होती. घर गटाराला जोडलं की घाण बाहेर जाते, आणि त्याच पाईपमधून गटाराचा गॅस उलटा घरात येतो. यावर उपाय होता, तोही एका घड्याळजीचा. अलेक्झांडर कमिंगने १७७५ मध्ये टॉयलेटखालचा पाईप एस आकारात वाकवून पेटंट घेतलं. त्या वाकणात पाणी साचून राहतं आणि गॅसची वाट अडते. यालाच ट्रॅप म्हणतात. अख्ख्या घराची राखण करायला बोटभर उंचीचं पाणी!

ते पाणी जागेवर नसलं तर काय होतं, याची धास्ती १८७१ मध्ये सगळ्या इंग्लंडने घेतली. युवराज एडवर्ड यॉर्कशायरमधल्याच स्कारबरो इथे एका लॉर्डच्या बंगल्यावर पाहुणा म्हणून गेला आणि परतल्यावर विषमज्वराने अंथरुणाला खिळला. त्याच बंगल्यावर उतरलेला अर्ल ऑफ चेस्टरफिल्ड आणि युवराजाचा मोतद्दार, दोघे दगावले. दहा वर्षांपूर्वी डिसेंबरमध्येच युवराजाचे वडील गेले होते, तेही याच तापाने असं तेव्हा मानलं जायचं. युवराज वाचला. ठपका बसला बंगल्याच्या ड्रेनेजवर.

विषमज्वर वासाने होत नाही, दूषित पाण्याने आणि अन्नाने होतो. त्याचा जंतू सापडला १८८० मध्ये, त्यामुळे तेव्हा लोक वासालाच रोग समजायचे. समज चुकीचा, पण त्यापायी घरोघरचे पाईप तपासले गेले. फुटक्या पाईपमधून फक्त वास नाही, मैलाही झिरपतो, हे लक्षात घेतलं तर नुकसान काहीच झालं नाही.

पाईप तपासायची तेव्हाची पद्धत भारी होती. एक माणूस वरून पाईपमध्ये पेपरमिंटचं तेल आणि गरम पाणी ओतायचा, दुसरा खाली खोल्याखोल्यांतून नाक लावून फिरायचा. जिथे पेपरमिंटचा वास येईल तिथे गळती. तेल ओतणाऱ्याने मात्र तपासणी संपेपर्यंत घरात यायचं नाही, कारण त्याच्याच कपड्यांना तो वास!

क्रॅपरच्या नावावर नऊ पेटंट आहेत. टॉयलेटचा शोध त्यात नाही, पण घरातल्या ड्रेनेजला हवा मिळावी यासाठीची सुधारणा आहे. ती का लागते? एका नळीतून पाणी जोरात खाली गेलं की ते मागची हवा ओढतं, आणि त्या ओढीने ट्रॅपमधलं पाणीही जातं. वर छतापर्यंत उघडा व्हेंट पाईप असला तर ओढ तिथून भागते.

आता आपल्या बाथरूमकडे. बंद घरात वास आला तर पहिला संशय जाळीखालच्या नहाणी ट्रॅपवर. त्यातलं पाणी उन्हाळ्यात आटतं. बादलीभर पाणी ओता आणि तासभर थांबा. वास गेला तर विषय संपला. गेला, पण दोन दिवसांत परत आला आणि शेजारी फ्लश केल्यावर जाळीतून गुडगुड ऐकू येत असेल, तर व्हेंट तुंबलाय का ते बघायला लावा. बेसिनखाली वाकून बघा: नुसती प्लास्टिकची नळी सरळ भिंतीत खुपसली असेल तर तिथे ट्रॅपच नाही, आणि ज्या भोकात ती घातलीय तेही बहुतेक उघडंच असतं. कमोडच्या बुडाशी ओल दिसत असेल तर जोड गेलाय, प्लंबर बोलवा. फिनाईल यातलं काहीही दुरुस्त करत नाही.

क्रॅपरकडे मोठमोठी गिऱ्हाईकं आली. १८८० च्या दशकात सँड्रिंगहॅमच्या राजवाड्यातलं प्लंबिंगचं काम त्याच्या कंपनीला मिळालं. वाडा कुणाचा, तर विषमज्वरातून वाचलेल्या त्याच युवराज एडवर्डचा.

१९०४ मध्ये तो निवृत्त झाला आणि २७ जानेवारी १९१० ला वारला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्या नावाची मॅनहोलची झाकणं आजही आहेत, पर्यटक वाकून फोटो काढतात. त्याची कबर एल्मर्स एंडच्या दफनभूमीत आहे. क्रिकेटचे डब्ल्यू. जी. ग्रेसही तिथेच आहेत.