कापूस वेचणाऱ्या फॅनीबाईंचं मत

आपल्याकडे पोरगं अठरा वर्षांचं झालं की बीएलओला सांगायचं, फॉर्म ६ भरायचा, नाहीतर मोबाईलवरूनच अर्ज टाकायचा. लिहिता-वाचता येतं का, हे कुणी विचारत नाही. शेत स्वतःचं की बटईचं, तेही नाही. सगळ्या जगात असंच असेल असं मला वाटायचं. मग फॅनी लू हॅमर यांच्याबद्दल वाचायला मिळालं. बाई अमेरिकेच्या, पण आपल्यासारख्याच कापसातल्या.

अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नावाचं राज्य आहे. तिथे ६ ऑक्टोबर १९१७ ला त्यांचा जन्म झाला. आई-बाप कृष्णवर्णीय, गोऱ्या मालकाची जमीन बटईने करणारे. वीस लेकरांत फॅनी सगळ्यात धाकटी. कुटुंब सनफ्लॉवर जिल्ह्यात आलं. नाव सूर्यफुलाचं, पण पीक सगळं कापसाचं. सहा वर्षांच्या पोरीला मालकाने दुकानातल्या खाऊचं आमिष दाखवून वेचणीला लावलं. तेरा वर्षांची होईपर्यंत ती दिवसाला दोनशे-तीनशे पौंड, म्हणजे नव्वद किलोच्या वर कापूस वेचायची. तेही पोलिओने एक पाय अधू असताना. आपल्याकडची वेचणारी बाई दिवसभरात किती वेचते हे आपण जाणतो, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला. शाळा सहावीच्या आसपास सुटली. मध्ये बापाने पैसे साठवून स्वतःची खेचरं घेतली, तर कुणीतरी त्यांना विष घातलं. पुन्हा बटई.

लग्न पेरी हॅमर यांच्याशी झालं, त्यांना सगळे पॅप म्हणत. रुलव्हिल गावाजवळच्या एका मोठ्या शेतावर फॅनीबाईंनी अठरा वर्षं काढली. वाचता येत होतं म्हणून मजुरांची हजेरी आणि वजन मांडायचं कामही त्यांच्याकडे होतं. पण आपल्याला मत देता येतं, हे त्यांना चव्वेचाळिसाव्या वर्षी, ऑगस्ट १९६२ मध्ये चर्चमधल्या एका सभेत कळलं. आपल्याकडे त्याच्या दहा वर्षं आधी, १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत एकवीस वर्षांवरच्या सगळ्यांना मताचा हक्क होता, अंगठा उठवणाऱ्यालाही.

३१ ऑगस्ट १९६२ ला शेतमजुरांना शेतावर नेणाऱ्या एका जुन्या बसमधून अठरा जण इंडियानोला गावच्या कचेरीत नाव नोंदवायला गेले. तिथे परीक्षा होती. राज्याच्या घटनेतलं एक कलम लिहून काढायचं आणि त्याचा अर्थ सांगायचा. फॅनीबाईंच्या वाट्याला आलेलं कलम वकिलालाही घाम फोडेल असं होतं. पास-नापास ठरवणार तिथला गोरा कारकून. त्या नापास झाल्या. परत येताना पोलिसांनी बस अडवली. गुन्हा काय, तर बसचा पिवळा रंग शाळेच्या बससारखा दिसतो! शंभर डॉलर दंड सांगितला, तो तीसवर आला आणि सगळ्यांनी मिळून भरला.

घरी पोचल्या तर मालकाचा निरोप तयार होता. अर्ज मागे घे, नाहीतर जागा सोड. त्याच रात्री त्यांनी घर सोडलं. पॅपना मात्र हंगाम संपेपर्यंत तिथेच राबावं लागलं. काही दिवसांनी, त्या ज्या घरी राहिल्या होत्या तिथे रात्री सोळा गोळ्या झाडल्या गेल्या. सुदैवाने त्या तिथे नव्हत्या.

जानेवारी १९६३ मध्ये त्या परीक्षा पास झाल्याचं कळलं. तरी मत देता येईना, कारण मतदानाचा कर भरल्याच्या दोन वर्षांच्या पावत्या नव्हत्या. कर वर्षाला दोन डॉलर. कापसाच्या निंदणीची दिवसभराची मजुरी जेमतेम तीन डॉलर. आता हिशेब तुम्हीच करा. जून १९६३ मध्ये विनोना गावात पोलिसांनी त्यांना पकडलं आणि कोठडीत दुसऱ्या कैद्यांकडून मारायला लावलं. मूत्रपिंड आणि डोळ्याची इजा जन्मभर राहिली.

१९६४ च्या ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी हे सगळं कॅमेऱ्यासमोर सांगितलं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी लगबगीने पत्रकार परिषद घेऊन टीव्हीवाल्यांचं लक्ष तिकडे वळवलं. पण रात्री चॅनलवाल्यांनी बाईंचं बोलणं दाखवलंच. त्याच जॉन्सन यांनी ६ ऑगस्ट १९६५ ला मतदान हक्क कायद्यावर सही केली.

या कायद्याने मिसिसिपीसारख्या राज्यांतल्या त्या परीक्षा बंद केल्या. जिथे स्थानिक कारकून आडमुठेपणा करील तिथे केंद्राचे अधिकारी जाऊन नावं नोंदवू लागले. निवडणुकीचा कोणताही नियम बदलायचा तर आधी केंद्राची परवानगी. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांपैकी शेकडा सात जणांचंही नाव यादीत नव्हतं, ते दोन वर्षांत साठच्या जवळ गेलं. राज्याच्या निवडणुकीतला कर १९६६ मध्ये न्यायालयाने मोडला. (परवानगीची अट ज्या कलमावर उभी होती ते कलम २०१३ मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, हेही सांगायला पाहिजे.)

पण मत मिळालं त्याच वर्षांत वेचणीची यंत्रं आणि तणनाशकं आली. यादीत नाव आलेल्या मजुराचं शेतावरचं काम गेलं. कायदा मताला हात लावू देत नव्हता, पण हाताला काम कोण देणार? फॅनीबाईंनी हे ओळखलं. १९६९ मध्ये चाळीस एकरांवर त्यांनी सहकारी शेती सुरू केली, पुढे ती सहाशे एकरांच्या वर गेली. डुकरांची बँकही काढली. गरीब कुटुंबाला एक मादी द्यायची, ती व्याली की दोन पिल्लं बँकेला परत, ती दुसऱ्या घरी. आपल्याकडे शेळी अर्धलीने देतात, त्यातलाच प्रकार. पण पूर, दुष्काळ आणि कर्ज यांनी ती शेती टिकली नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यात बहुतेक जमीन करापोटी गेली. कोणत्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज आहे?

स्वतः निवडणुकीला उभ्या राहिल्या, पण निवडून आल्या नाहीत. १४ मार्च १९७७ ला कर्करोगाने माउंड बायू गावच्या दवाखान्यात त्या गेल्या. वय एकोणसाठ. रुलव्हिलला त्यांच्या सहकारी शेतीच्याच एका तुकड्यावर त्यांना पुरलं. पॅपही नंतर त्यांच्या शेजारीच आहेत.