ज्योतिर्विद कॅसिनी आणि गुरूचे मेघ

दुर्बिणीतून गुरू ग्रहाकडे पाहिले असता त्याच्या तबकडीवर विषुववृत्ताला समांतर असे आडवे पट्टे दिसतात. काही पांढुरके, काही तांबूस-तपकिरी. हे पट्टे त्या ग्रहाच्या भूमीचे नव्हेत, कारण गुरूला आपल्यासारखी भूमीच नाही. हायड्रोजन व हेलियम या वायूंच्या त्या अफाट गोळ्यावर गोठलेल्या अमोनियाचे मेघ तरंगत असतात, त्यांचे हे रूप. तांबूस छटा नेमकी कोणत्या द्रव्यामुळे येते, यावर शास्त्रज्ञांचे अद्यापि एकमत झालेले नाही. यांपैकी काहीही ठाऊक नसताना, या मेघांतील एका डागावर दृष्टी खिळवून गुरूचा दिवस ज्याने मोजला, तो जिओव्हानी दोमेनिको कॅसिनी.

इटलीतील पेरिनाल्दो नावाच्या डोंगरी गावी ८ जून १६२५ रोजी त्याचा जन्म झाला. मामाने त्याला वाढविले; पुढे जेनोआ येथे जेझुइट पंथीयांच्या विद्यालयात तो शिकला. तरुणपणी त्याला फलज्योतिषाचा मोठा नाद होता. त्याच विद्येची आवड असलेल्या माल्व्हाझिया नावाच्या सरदाराने त्याला बोलोन्या शहराजवळील आपल्या वेधशाळेत बोलावून घेतले. गंमत अशी, की भविष्य सांगण्याच्या कीर्तीवर हा तरुण वेधशाळेत शिरला आणि वेध घेता घेता भविष्यकथनावरील त्याचा विश्वासच उडाला! १६५० साली तो बोलोन्या विद्यापीठात खगोलशास्त्राचा प्राध्यापक झाला. पोपच्या राज्यातील नद्यांच्या पुरांविषयीचे तंटे, किल्ल्यांची देखरेख अशी कामेही त्याच्याकडे येत. दिवस असे सरकारी कामात गेला, तरी रात्र त्याची स्वतःची होती.

रोममधील काम्पानी हा भिंगे घासणारा कारागीर त्या काळी अद्वितीय होता. १६६४ साली त्याच्या दुर्बिणी कॅसिनीच्या हाती आल्या आणि गुरूच्या तबकडीवर त्याला बारीक काळे ठिपके सरकताना दिसले. काही ठिपके एकाच गतीने या कडेपासून त्या कडेपर्यंत जात. त्या गुरूच्या उपग्रहांच्या सावल्या होत्या, हे त्याने ओळखले. परंतु काही डाग निराळे होते. ते मध्यभागी वेगाने सरकत, कडेला आले म्हणजे मंद व अरुंद होत. गोलाच्या पाठीवर चिकटलेली खूण फिरताना अशीच दिसावयाची. १६६५ साली असाच एक मोठा डाग त्याने रात्रीमागून रात्री टिपला आणि गुरू स्वतःभोवती ९ तास ५६ मिनिटांत फिरतो, असा निर्णय दिला. आजचे मान याहून मिनिटभरानेही भिन्न नाही. पृथ्वीच्या अकरा पट व्यासाचा तो गोल दहा तासांच्या आत एक फेरी पुरी करतो, हे कळल्यावर विद्वान विस्मित झाले.

ही कीर्ती फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाच्या दरबारी पोहोचली. १६६९ साली कॅसिनी पॅरिसला गेला, तो कायमचाच. तेथील नव्या वेधशाळेत त्याने शनीचे चार उपग्रह शोधले आणि १६७५ साली शनीच्या कड्यांतील काळी फट पाहिली. सयामहून परतलेल्या फ्रेंच वकिलाने आणलेली ग्रहगणिताची सूत्रे त्याच्यापुढे आली, तेव्हा त्याने त्यांचाही उलगडा केला. ती सूत्रे मूळची भारतीय ज्योतिषाची होती, हे येथे सांगितलेच पाहिजे.

मात्र एका जागी त्याचे पाऊल अडखळले. गुरूच्या सर्वांत आतील ज्ञात उपग्रहाची ग्रहणे कधी लवकर, तर कधी उशिरा लागत. प्रकाशाला येण्यास वेळ लागत असावा, ही कल्पना १६७६ साली त्याने स्वतःच मांडली. पण इतर उपग्रहांच्या बाबतीत हिशेब जुळेना, म्हणून ती सोडून दिली. त्याच वेधशाळेतील तरुण रोमर याने ती धरून ठेवली व अजरामर झाला. कॅसिनीला ती अखेरपर्यंत पटली नाही. इतका चाणाक्ष पुरुष दारापर्यंत येऊन परत फिरला, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

गुरूने मात्र त्याला आणखी एक रहस्य दिले. १६९० च्या सुमारास विषुववृत्तालगतचे डाग तो पाहत होता. त्यांना एका फेरीस सुमारे ९ तास ५० मिनिटेच लागत. स्वतःच्या जुन्या आकड्याशी हा मेळ बसत नव्हता. तरी त्याने तो दडपला नाही, दोन्ही आकडे लिहून ठेवले. घन पृष्ठभागावरील खुणा अशा एकमेकींच्या पुढे धावू शकत नाहीत. वाहत्या मेघांनाच ते शक्य आहे. मधला पट्टा इतरांपेक्षा वेगाने वाहतो, हे आज सर्वमान्य आहे. २००० सालच्या अखेरीस गुरूजवळून जाताना ज्या यानाने या मेघांची सुंदर छायाचित्रे घेतली, त्याचे नाव कॅसिनी हेच होते.

१७११ साली त्याची दृष्टी गेली आणि १४ सप्टेंबर १७१२ रोजी पॅरिस येथे त्याचे देहावसान झाले. वेधशाळेची धुरा त्याच्या पुत्राने, नातवाने व पणतवाने वाहिली. १६६५ सालचा तो मोठा डाग मधूनच नाहीसा होई व पुन्हा प्रकटे. त्याचा भाचा मराल्दी १७१३ पर्यंत तो पाहत होता. त्यानंतर तो कोणाला दिसल्याची नोंद नाही. आज गुरूवर दिसणारा प्रचंड तांबडा डाग तो नव्हे, वेगळाच असावा, असा निष्कर्ष २०२४ साली काही संशोधकांनी काढला आहे.