डॉ. इरावती कर्वे आणि वंशाचा प्रश्न

वाचकहो, नाशिक रोड स्टेशनच्या पुलावर एखाद्या दिवशी दहा मिनिटे उभे राहून पाहा. मुंबईची गाडी येते. प्रेसमध्ये कामाला असलेली मंडळी उतरतात, तोफखाना केंद्राच्या कॅम्पात रुजू व्हायला आलेली परप्रांतीय पोरे ट्रंका सांभाळीत उतरतात, भाजीच्या पाट्या घेतलेले शेतकरी असतात, लग्नाला निघालेली कुटुंबे असतात. ही गर्दी पाहताना आपण सर्वच जण नकळत एक उद्योग करीत असतो. कोणाचे नाक, कोणाचा रंग, कोणाचे घारे डोळे पाहून हा अमक्या मुलखाचा, तो तमक्या जातीचा, असे मनाशी ठरवून टाकतो. तेवढ्यावर थांबलो तर फारसे बिघडत नाही. परंतु पुढची पायरीही आपण बहुधा चढतोच : अमक्याचे रक्तच तसे, म्हणून तो हुशार, तमक्याचे रक्तच तसे, म्हणून तो आडदांड.

हा अंदाज खरा की खोटा, हे हातात मोजमापाची साधने घेऊन तपासण्यात आपल्याच महाराष्ट्रातील एका बाईंनी आयुष्याची चाळीस वर्षे घालविली. तुम्ही त्यांना ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ओळखत असाल. त्या ग्रंथाला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. परंतु डॉ. इरावती कर्वे यांचा खरा व्यवसाय मानवशास्त्राचा होता, आणि त्यांच्या या दुसऱ्या ओळखीविषयी आपल्याकडे फार थोडे लिहिले जाते. येथे तीच ओळख करून द्यावयाची आहे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात मिंजान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे कापसाच्या कंपनीत नोकरीस होते. त्या देशाची मोठी नदी इरावती. तिचेच नाव मुलीला ठेवले. सातव्या वर्षी तिला पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत धाडण्यात आले. पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी ती त्यांच्या मुलीबरोबर, शकुंतलेबरोबर, घरच्यासारखी वाढली. पुस्तकांनी भरलेल्या त्या घराचा ठसा त्यांच्यावर जन्मभर राहिला. फर्ग्युसन कॉलेजातून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए. झाल्या. प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे त्यांची स्वतःचीच जात. गोरा रंग आणि घारे डोळे यांमुळे ज्या जातीच्या मुळाविषयी नाना तर्क लढविले गेले, तिच्यापासूनच त्यांनी सुरुवात केली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, महर्षी कर्वे यांचे चिरंजीव. सुनेने जर्मनीस जावे हे महर्षींना पसंत नव्हते! स्त्रीशिक्षणासाठी हयात वेचलेल्या पुरुषालाही आपल्या घरात एक पाऊल पुढे टाकणे जड जाते, हे आपल्या संस्थेच्या वाचकांना नवे वाटणार नाही. दिनकरराव मात्र ठाम होते. डॉ. जीवराज मेहता यांनी कर्जाऊ पैसे दिले आणि १९२८ च्या सुमारास इरावतीबाई बर्लिनला पोचल्या.

ज्या संस्थेत त्या दाखल झाल्या तिचे नावच सारे सांगून जाते : मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांची कैसर विल्हेल्म संस्था. ती १९२७ साली स्थापन झाली होती. संचालक ऑयगेन फिशर. तरुणपणी आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत जाऊन, गोरे बाप आणि आफ्रिकी आया यांच्या वंशजांना मेंडेलचे नियम लावून पाहणारा हा शास्त्रज्ञ.

येथे थोडे थांबून, मेंडेलचे नियम म्हणजे काय ते पाहू. नाही तर पुढची गोष्ट समजणार नाही. ग्रेगोर मेंडेल या पाद्र्याने मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे लावून १८६६ साली आपला निष्कर्ष छापला. उंच आणि बुटक्या रोपांचा संकर केला तर संतती मधल्या उंचीची होत नाही, सारी उंच होते. आणि तिच्या पुढच्या पिढीत साधारण चारात एक बुटके पुन्हा उगवते. म्हणजे बुटकेपणा नाहीसा झाला नव्हता, दडून बसला होता. गुण दुधात साखर विरघळावी तसे विरघळत नाहीत, खड्यांसारखे सुटे राहतात. या खड्यांनाच आपण आज जनुके म्हणतो. ती पेशीच्या केंद्रकातील धाग्यांवर, म्हणजे गुणसूत्रांवर, ओळीने बसलेली असतात. इरावतीबाई बर्लिनमध्ये शिकत होत्या तेव्हा माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात असे पाठ्यपुस्तके सांगत. खरा आकडा ४६, म्हणजे २३ जोड्या. तो १९५६ साली नक्की झाला. प्रत्येक जोडीतील एक आईकडून, एक बापाकडून.

आता गंमत पाहा. आपल्या गावच्या प्रेसमध्ये एका साच्यावर छापलेल्या नोटा सारख्याच असतात, फरक काय तो क्रमांकाचा. मुले अशी छापली जात नाहीत. बाप मुलाला देतो ती आपल्या प्रत्येक जोडीतील एकच प्रत, आणि कोणत्या जोडीतील कोणती हे दर वेळी नव्याने ठरते. केवळ या निवडीतूनच एका माणसाकडून ८४ लाखांच्या आसपास वेगवेगळे संच संभवतात. शिवाय जोडीतील गुणसूत्रे आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात ती निराळीच. म्हणून रंग एकीकडून येतो, रक्तगट दुसरीकडून, नाक तिसऱ्याच आजोबांचे. वारसा येतो तो सुटासुटा. त्याचे गाठोडे बांधलेले नसते आणि वर चिठ्ठीही चिकटविलेली नसते.

फिशरला मात्र गाठोडे हवे होते. त्याचे गृहीत असे की, युरोपातील गोऱ्यांची कवटी डावी-उजवीकडे सारखी नसते. पुढच्या मेंदूचा उजवा भाग मोठा, त्याला जागा द्यावी म्हणून कवटीही तशी. आणि त्यातच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचे रहस्य. इतर वंशांत ही विषमता नसणार. हे सिद्ध करण्याचे काम त्याने हिंदुस्थानातून आलेल्या या विद्यार्थिनीला दिले.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांतील कित्येक वसाहतींतून आणलेल्या होत्या. कोणाच्या तरी पूर्वजांची ती डोकी होती, आणि ती बर्लिनच्या कपाटात कशी आली हा प्रश्न त्या काळी तेथे कोणी विचारीत नसे. आकडे मांडल्यावर उत्तर आले ते असे : कवट्यांत डावे-उजवे आहे खरे, पण ते सर्वच वंशांत आहे, वंशाचा आणि त्याचा काही संबंध नाही. हे उत्तर तसेच्या तसे लिहिणे त्या परिस्थितीत सोपे नव्हते. परकी भाषा, कर्जाचा पैसा, पदवी ज्याच्या हाती त्याचेच गृहीत खोटे ठरते आहे, आणि बाहेर जर्मनीचे वारे कुठल्या दिशेने वाहते आहे ते दिसत आहे. आकडे थोडे वळवून घेतले असते तर कोणाला कळणार होते? त्यांनी ते केले नाही. प्रबंधाला खालची श्रेणी मिळाली, पण १९३० साली डॉक्टरेट मिळाली. माझ्या मते त्यांच्या साऱ्या ग्रंथसंपदेत या प्रबंधाचे मोल कमी नाही. फिशरचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला, त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचा प्रमुख झाला. त्याच्या संस्थेतील तज्ज्ञ, कोणाला अपत्यहीन करावे यासंबंधी अभिप्राय देऊ लागले.

परत आल्यावर काही वर्षे इरावतीबाई मुंबईस महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. १९३९ साली पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले, तेव्हा त्या तेथे गेल्या आणि अखेरपर्यंत राहिल्या. पुण्याच्या रस्त्यावरून स्कूटर चालवीत जाणाऱ्या या उंच बाईंकडे लोक वळून पाहत. गावोगाव हिंडून, डोक्याची लांबी-रुंदी, नाक, उंची यांची मापे त्यांनी घेतली. डॉ. सांकलिया यांच्याबरोबर गुजरातेत लांघणज येथे प्राचीन माणसांचे सांगाडे उकरण्याच्या कामातही त्या होत्या. १९५३ साली त्यांचा भारतातील नातेसंबंधांवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला, आणि १९६३ साली पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा विभाग उभा राहिला तो त्यांच्यामुळेच.

जातीविषयी त्यांचे म्हणणे गुरू घुर्ये यांच्याहून वेगळे होते. एकच समाज फुटत जाऊन पोटजाती झाल्या, असे घुर्यांचे मत. इरावतीबाईंना वाटे की, अनेक वेगवेगळे गट शेजारी शेजारी येऊन बसले आणि त्यांना धंद्यावरून एक नाव मिळाले. हे तपासण्यासाठी १९६८ साली त्यांनी कैलाश मल्होत्रा यांच्यासह महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना प्रसिद्ध केली. शरीराची मापे होती, रक्तगट होते. नाव एक आणि दर्जाही एक, परंतु शरीरे एका साच्याची नव्हती.

त्यांचे सारेच पुढे टिकले असे मात्र नाही. डोकी मोजण्याचे शास्त्रच आज मागे पडले आहे, आणि बर्लिनला वंशाचे गृहीत खोडून काढणाऱ्या बाईंनी ती हत्यारे पुढे तीस-चाळीस वर्षे हातातून टाकली नाहीत, याचे नवल वाटते. जातींच्या उगमाविषयीचे त्यांचे मतही अर्धेच खरे ठरले आहे. २०१३ साली हैदराबाद आणि अमेरिकेतील संशोधकांनी जनुकांचा अभ्यास करून दाखविले की, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी या देशातील गटांची सरमिसळ फार मोठ्या प्रमाणावर झाली, आणि मगच आपापल्यांतच लग्ने करण्याची प्रथा घट्ट झाली. म्हणजे गट बराच काळ वेगळे राहिले हे खरे, पण त्याआधी मिसळले नव्हते असे नाही. आणि १९७२ साली, इरावतीबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, रिचर्ड लेवॉन्टिन या शास्त्रज्ञाने रक्तगट आणि प्रथिने यांचा हिशेब मांडून दाखविले की, माणसामाणसांतील जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतो. पुलावर उभे राहून आपण जो अंदाज बांधतो, तो उरलेल्या थोडक्यावर.

नातेसंबंधांच्या अभ्यासात इरावतीबाईंनी एका गोष्टीकडे बारकाईने पाहिले, तिचा संबंध आपल्या घरांशीही येतो. उत्तरेकडील हिंदूंत जवळच्या नात्यात लग्न निषिद्ध. दक्षिणेत मामा-भाचीचेसुद्धा होते. महाराष्ट्र मध्ये सापडलेला, येथे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. आपल्या मुसलमान समाजात चुलत, मावस, मामे, आते ही चारही नाती लग्नास मोकळी आहेत. सक्ती मात्र कशाचीच नाही. मेंडेलचा दडलेला खडा येथे आठवावा. सख्ख्या चुलत किंवा मामे भावंडांत सरासरीने आठवा हिस्सा जनुके एकाच पूर्वजाकडून आलेली असतात, मामा-भाचीत चौथा हिस्सा. एखादे सदोष जनुक दोघांतही लपलेले असेल तर प्रत्येक अपत्याला आजाराचा धोका चारात एक. थॅलेसेमिया हा असाच. सिकलसेलही असाच, आणि तो आपल्याच जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यांवर आढळतो. एकाच जातीत पिढ्यानुपिढ्या लग्ने केली तरी हा धोका काहीसा वाढतो, हे नात्यात लग्न न करणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे. मुंबईत १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना एक विलक्षण रक्तगट सापडला, तो आज जगभर ‘बॉम्बे’ गट म्हणून ओळखला जातो. साध्या तपासणीत तो ‘ओ’ वाटतो, पण अशा माणसाला ‘ओ’ रक्त दिले तर जिवावर बेतते. आईबाप दोघांकडूनही तेच दुर्मिळ जनुक आले, तरच तो गट होतो. लग्नापूर्वी दोघांच्या रक्ताची तपासणी करून घेणे आता नाशिकसारख्या शहरात अवघड राहिलेले नाही. पत्रिका पाहणाऱ्यांनी आणि न पाहणाऱ्यांनीही ती करावी.

कोयना धरणामुळे उठविलेल्या माणसांची पाहणी हे इरावतीबाईंचे अखेरच्या काळातील एक काम. तिचा अहवाल १९६९ साली निघाला आणि ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्या निवर्तल्या. बर्लिनचा प्रबंध जर्मन भाषेत होता, त्यामुळे त्यातील हकिगत पुष्कळ काळ थोड्याच लोकांना ठाऊक होती. ती सर्वांपुढे आली २०२४ साली, त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि ब्राझीलचे मानवशास्त्रज्ञ थियागो पिंटो बार्बोसा यांनी मिळून लिहिलेल्या इंग्रजी चरित्रातून. त्या चरित्राचे नाव आहे ‘इरू’. घरात त्यांना याच नावाने हाक मारीत.